खोका गेला, इंजिन राहिलं

मी एकशे सदतिसावा बोलतोय. पाचशेपैकी एकशे सदतिसावा. माझं नाव तेच, आडनावही तेच, आणि इतकी वर्षं माझी सगळी लायकी त्या एका आकड्यातच मावत होती.

मी एक इंजिन आहे. खेळण्यातलं म्हणू नका, राग येतो. आमच्या जगात 'मॉडेल' म्हणतात. खऱ्या वाफेच्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा, लांबीला वीतभर, हिरव्या अंगाचा, काळ्या धुराड्याचा. डोक्यावर पितळेची इवलीशी शिट्टी आहे, ती वाजत नाही. वाफही नाही. मी रुळातून येणाऱ्या विजेवर चालतो, पण हे मी होऊन कुणाला सांगत नाही.

माझा जन्म दूर एका थंड देशातला. तिथल्या कारखान्याने आधीच ठरवलं होतं की पाचशेच नग करायचे आणि मग साचे मोडून टाकायचे. सहाशे करता आले असते, हजारही करता आले असते. पण माणसाची तऱ्हाच वेगळी. भरपूर मिळतंय म्हटलं की नाक मुरडतो, आणि 'संपत आलं' म्हटलं की धावत सुटतो.

एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पोटावर बारीक ब्रशने आकडा काढला. मग मला दीड हात लांबीच्या चाचणीच्या रुळावर ठेवलं आणि बटण दाबलं. मी चाललो! पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे. अठरा सेकंद. मग त्या बाईंनी मला उचललं, स्पंजात दाबून बसवलं, खोक्याचं झाकण लावलं आणि वर सोनेरी कागदी सील चिकटवलं.

ते अठरा सेकंद मी नऊ वर्षं पुरवून पुरवून वापरले.

लालबागच्या हितेंद्र मेस्त्रींनी मला विकत घेतलं. हितेंद्र फोर्टात विम्याच्या कचेरीत असतो. माझं पार्सल त्याने मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर मागवलं आणि जेवणाच्या पिशवीतून घरी आणलं, डब्याखाली लपवून. मी अडुसष्ट हजारांचा होतो. घरी बायकोने, म्हणजे अनुजाने, विचारलं, "हे काय रे? कितीचं?" तर हा गडी पापणीही न हलवता म्हणाला, "दोन हजार सातशे. सेल होता."

अनुजा म्हणाली, "दोन हजार सातशेत कुकर आला असता." विषय तिथेच संपला. संपला असं हितेंद्रला वाटलं.

त्यांची जुनी चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिलाय. चौदाव्या मजल्यावर एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटाचा मधला खण आम्हा सत्तावीस खोक्यांचा. अनुजाच्या चांगल्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून पलंगाखाली, आणि आम्ही मात्र डांबरगोळ्यांच्या सहवासात राजासारखे. खालच्या खणात हितेंद्रच्या आईची, रमाबाईंची, वर्षभराच्या मसाल्याची बरणी. मे महिन्यात खाली गल्लीत मिरच्या कुटून आणल्या की आमच्यातलं एक जुनं डिझेल इंजिन महिनाभर कुरकुरत असे.

हितेंद्र दर रविवारी आम्हाला बघायचा. बघायचा, एवढंच. त्यासाठी तो हातमोजे घालायचा, आणि ते हातमोजे म्हणजे केसांच्या रंगाच्या पाकिटात फुकट येतात ते पातळ प्लास्टिकचे. माझा खोका तो हळूच उचलून कानाशी धरायचा, का ते देवच जाणे. सील नखाने चाचपायचा. मग मोबाइलवर त्याच्यासारख्याच माणसांच्या ग्रुपमध्ये भाव बघायचा आणि मला पुन्हा आत ठेवायचा. नऊ वर्षांत त्याने मला एकदाही उघडलं नाही. घरात रूळ होते, तेही सीलबंद.

एकदा रमाबाईंनी विचारलं, "काय रे, ही गाडी चलवनस नाय कधी?"

"आई, चालवली तर किंमत पडते."

"गाडी चालली तर तिची किंमत कमी होता? असली कसली रे गाडी!"

त्यांना हे कळणं कठीणच होतं. त्यांनी बावीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढली होती, सूत बॉबिनवर चढवायच्या मशीनवर. त्या मशीनची किंमत ती चालण्यातच होती. मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं, इतकं पटलं, की खोक्यातल्या खोक्यात माझं चाक हलल्यासारखं वाटलं. भास होता तो. स्पंज घट्ट असतो.

माझा भाव मात्र वाढत होता. नव्वद हजार झाला, मग सव्वा लाख. कपाटात आम्हाला दुसरा विषयच नव्हता. डिझेल म्हणायचं, "माझा किती झाला?" कुणाचा पडला की बाकीचे तोंडदेखलं हळहळायचे आणि मनातून खूश व्हायचे. खोटं कशाला बोलू, मीही त्यातलाच. पण रात्री सगळे गप्प झाले की मी माझे अठरा सेकंद काढायचो, एक ते अठरा मोजायचो आणि एकोणिसाव्यापाशी अडायचो. त्याच्या पुढचं मला माहीतच नव्हतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हितेंद्र फोनवर बोलताना उठून उभा राहिला. गिरगावातले रघुवीर आगाशे नावाचे मोठे संग्राहक मला एक लाख पासष्ट हजारांना घ्यायला तयार झाले होते. अट एकच: सील शाबूत, नग कोरा. दसऱ्याच्या मुहूर्तावर, बरोबर बाराला येतो म्हणाले.

हितेंद्र आठवडाभर हवेत होता. आरशासमोर उभा राहून भाषणाची तालीम करायचा. "अनुजा, दोन हजार सातशेचे एक लाख पासष्ट हजार केले. याला डोकं लागतं." ते अडुसष्ट हजार त्या भाषणात कुठेच नव्हते.

मी मात्र खचलो होतो. आगाशे म्हणजे दुसरं कपाट. मोठं असेल, सागवानी असेल, पण कपाटच. मी आयुष्यात पुन्हा कधी चालणार नव्हतो.

दसऱ्याच्या सकाळी हितेंद्रने माझा खोका कपाटातून काढला, पुसला आणि हॉलमधल्या टेबलावर ठेवला. झेंडू आणि आपट्याची पानं आणायला दादरला निघाला. चपला घालता घालता आईला म्हणाला, "आई, इंजिन आज जाणार हां आपल्या घरातून. बाराला माणूस येतोय न्यायला." आणि गेला.

त्याने हे सांगायला नको होतं. निदान दसऱ्याला नको होतं.

अनुजा पुऱ्यांचं पीठ मळत होती. तिने आधीच मिक्सरला, शिलाई मशीनला, गॅसला आणि लॅपटॉपला हळद-कुंकू लावून टाकलं होतं. प्रत्येकावर एकेक फूल. रमाबाई हॉलमध्ये आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"गो अनुजा, मिक्सराक लावलंस, मशिनीक लावलंस, आनि घरात साक्षात इंजिन आसा त्याका काय नाय?"

"आई, ते खोक्यात आहे ना."

"म्हणान काय झाला? आज चाललासा आपल्या घरातसून. नऊ वर्सां ऱ्हवला. मोकळ्या कपाळान धाडूचा त्याका?"

अनुजाच्या लेखी मी दोन हजार सातशेचा होतो. ती पिठाच्या हातानेच म्हणाली, "लावा मग थोडंसं."

रमाबाईंनी पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला. सोनेरी सील पकडलं. कट्ट! एका आवाजात दीड लाखावर रुपये गेले, आणि घरात मला सोडून कुणाला पत्ताही नाही.

झाकण उघडलं. नऊ वर्षांनी उजेड! मसाल्याचा, पुरीच्या तेलाचा, उदबत्तीचा वास एकदम अंगावर आला. रमाबाईंनी मला स्पंजातून उचललं. हातमोजे नाहीत, काही नाही. गरम, खरखरीत, जन्मभर सूत हाताळलेले हात. त्यांनी मला ओल्या फडक्याने असं खसाखसा पुसलं की एक पायरी तुटून पडली. "घाणच होती," त्या म्हणाल्या.

मग माझ्या तोंडावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. कुंकू जरा जास्तच ओलं होतं, ओघळून पार आकड्यापर्यंत गेलं. वरून अक्षता. झेंडूचं एकच फूल ठेवलं तर माझी केबिन दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी ते दोऱ्याने धुराड्याला बांधलं आणि गाठ मारताना शिट्टी वाकवली. शेवटी चाकासमोर लिंबू ठेवलं. गाडीच्या चाकाखाली लिंबू हवंच, हे मान्य. पण ते लिंबू माझ्या तोंडाएवढं होतं.

रमाबाईंनी हात जोडले. "आमचा काय चुकला-माकला असात तर पोटात घाल बाबा. खंय जाशील थंय चालत ऱ्हव."

मला आजवर पुष्कळांनी न्याहाळलं, पण आशीर्वाद कुणी दिला नव्हता. इंजिनाला डोळे नसतात, हे त्या दिवशी बरंच झालं.

हितेंद्र साडेअकराला परत आला. हातात झेंडू. त्याने टेबलाकडे पाहिलं. झेंडू खाली पडले.

"आई! काय केलंस गं हे?"

"पूजा केलंय, चोरी नाय केलंय. वराडतंस कित्याक?"

"सील... आई, सील कुठेय?"

"तो चिकटो कागद? तो कचऱ्यात."

यापुढची वीस मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. हितेंद्रने केसांच्या रंगाचे हातमोजे चढवले आणि कापसाच्या बोळ्याने माझं कुंकू पुसायला घेतलं. कुंकू निघालं नाही, पसरलं. आता मी अर्धा हिरवा आणि अर्धा गुलाबी झालो. हळद तर हलायलाच तयार नव्हती. कचऱ्यातून काढलेलं सील त्याने भाताच्या शिताने चिकटवायचा प्रयत्न केला. तेवढ्यात बेल वाजली.

आगाशे सत्तरीचे, कडक इस्त्रीचा झब्बा, खिशात भिंग. स्वतःचे पांढरे सुती हातमोजे बरोबर. त्यांनी खुर्ची ओढली, मला हातात घेतलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

"सील तुटलेलं आहे," आगाशे म्हणाले. "आणि त्याला भात लागला आहे."

"हो," हितेंद्र म्हणाला.

"शिट्टी वाकली आहे. डावीकडची पायरी नाही. रंगावर... हे काय आहे?"

"कुंकू."

"आणि मेस्त्री, धुराड्यात तांदूळ आहे."

"अक्षता ती," रमाबाई मागून म्हणाल्या. "ऱ्हवांदे आत. चांगली असता."

आगाशेंनी भिंग खाली ठेवलं. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. "माफ करा, पण हा नग मला घेता येणार नाही. आता याला कोणी पाच हजारसुद्धा देणार नाही."

मी सुटलो होतो, पण हितेंद्रचं तोंड बघून मला आनंदही नीट करता येईना. आगाशे मात्र उठले नाहीत. त्यांची नजर माझ्या रिकाम्या खोक्यावर होती. त्यांनी तो उचलला, कोपरे चाचपले, आतल्या स्पंजाचा वास घेतला.

"मसाल्याचा वास येतोय," ते म्हणाले. "पण जाईल. मेस्त्री, खोक्याचं काय घ्याल?"

"कशाचं?"

"खोक्याचं. माझ्याकडे दोनशे बारावा आहे, अगदी कोरा. पण त्याचा खोका वाळवीने खाल्ला हो. चार वर्षं खोका शोधतोय. बावीस हजार देतो."

स्वयंपाकघरात पुरी कढईत सोडल्याचा आवाज आला, आणि मग झारा खाली ठेवल्याचा. अनुजा बाहेर आली.

"खोक्याचे बावीस हजार?"

"मूळ खोका आहे ना, ताई," आगाशे कौतुकाने म्हणाले. "आणि तसं बघता यांचं फार नुकसान नाही. यांनी ज्या वर्षी अडुसष्टला घेतलं, त्याच वर्षी मी..."

"अडुसष्ट काय? अडुसष्ट रुपये?"

"हजार," आगाशे म्हणाले. मग त्यांनी हितेंद्रकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

अनुजा एरवी नवऱ्याला 'तू' म्हणते. पाहुणे असले की 'तुम्ही' म्हणते. त्या दुपारी तिने जो 'तुम्ही' काढला, तो ऐकून कपाटातलं डिझेलसुद्धा गार पडलं.

"तुम्ही मला दोन हजार सातशे सांगितले होतेत."

हितेंद्र हातमोज्यावरचं कुंकू पुसू लागला.

"नऊ वर्षं माझ्या साड्या पलंगाखाली आणि कपाटात अडुसष्ट हजारांचं इंजिन. आणि आत सव्वीस आहेत अजून." तिने पदर खोचला. "ठीक आहे. आता चालवा."

"काय?"

"अडुसष्ट हजार कसे चालतात ते मला बघायचंय. आत्ताच्या आत्ता. रूळ काढा."

रुळांचं खोकं तिनेच फाडलं. आगाशेंनी डोळे मिटून घेतले, त्यांना तो आवाज सोसेना. मग हितेंद्र फरशीवर बसून एकेक तुकडा जोडू लागला. जोडता येईना. इतकी इंजिनं जमवलेल्या या माणसाने जन्मात कधी रूळ जोडला नव्हता! शेवटी आगाशेच गुडघे धरत खाली बसले आणि दोघांनी मिळून टेबलाभोवती एक वेडंवाकडं कडं तयार केलं.

मला रुळावर ठेवलं. कुंकवासकट, झेंडूसकट. बटण दाबलं.

मी घुंईं केलं आणि तिथेच राहिलो.

नऊ वर्षांत पोटातलं तेल सुकून चिकट झालं होतं. मी जोर लावला. चाक हलेना. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते समोर होतं आणि मला चालताच येत नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बिघडलंय," हितेंद्र म्हणाला.

"बिघडूक नाय," रमाबाई म्हणाल्या. "बंद ऱ्हवला म्हणान झाला. बंद मशिनीक गंज खाता रे, चालत्या मशिनीक नाय. आमची गिरण बंद पडली तेव्हा माझी मशीन काय बिघडली नव्हती. शेवटपर्यंत चांगली होती. बंद करून ठेवली आनि भंगारात गेली."

रमाबाईंनी शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी काढली, मला उताणा केला, आणि चष्मा न लावता बरोबर जिथे हवा तिथे एक थेंब सोडला. मग अंगठ्याने चाक फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. मला खाली ठेवून म्हणाल्या, "लाव आता."

हितेंद्रने बटण दाबलं.

मी हललो. आधी जरासा, मग आणखी. एक, दोन, तीन सेकंद. वळण आलं, आणि मला वळणं माहीतच नव्हती! दीड हाताच्या सरळ रुळावर कुठलं वळण? मी वळलो. टेबलाचा पाय गेला, आगाशेंचा गुडघा गेला. दहा, अकरा. झेंडू एका बाजूला लोंबत होता. सोळा, सतरा, अठरा.

आणि मग एकोणीस.

एकोणिसाव्या सेकंदाला मी लिंबावर आपटलो, कारण रमाबाईंनी शिस्तीत ते रुळावर आणून ठेवलं होतं. चिरडणं मला झेपलं नाही. मी ते ढकलत ढकलत अर्धं कडं नेलं, मग ते सटकून कपाटाखाली गेलं आणि मी रुळावरून घसरून हितेंद्रच्या मांडीपाशी आडवा झालो. चाकं फिरतच होती.

आधी अनुजा हसली. हसू आवरताना तिने पदर तोंडाला लावला, पण राग तिथेच सांडला. हितेंद्रने हातमोजे ओढून काढले, मला उघड्या हातांनी उचललं आणि पुन्हा रुळावर ठेवलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, फरशीवर पोटावर झोपून, गाल टेकवून मला येताना बघत होता. "परत," तो म्हणाला. "परत एकदा." पुऱ्या जळल्या त्या दिवशी.

त्याला आता वर्ष होत आलं. खोका बावीस हजारांना गेला. त्यातून अनुजाने स्वतःसाठी नवं लाकडी कपाट केलं, साड्यांचं. मी फ्रिजवर राहतो, उघड्यावर. अंगाचा गुलाबी रंग गेला नाही, शिट्टी वाकडीच आहे, आणि धुराड्यातला तांदूळ मी चाललो की आतल्या आत खुळखुळतो. माझा भाव आता कुणी विचारत नाही. शेजारची मुलं विचारतात ती एकच गोष्ट: "काका, आज चालवणार?"

आगाशेही दर रविवारी गिरगावाहून येतात. माझा जुना खोका मांडीवर घेऊन बसतात. त्यात दोनशे बारावा असतो, कोरा, स्पंजात दाबलेला. आगाशे सांगतात, खोक्याचा मसाल्याचा वास काही जात नाही आणि उघडला की त्यांना भलत्या वेळी भूक लागते. मी त्यांच्यासमोरून गोल गोल जातो, आणि दर फेरीला त्या खोक्याकडे बघतो. आतल्याची अवस्था मला ठाऊक आहे. तोही मोजत असेल. एक ते अठरा.

तुमच्याही घरात असेल काहीतरी. न वापरलेला कपबशांचा सेट, न नेसलेली पैठणी, कव्हर न काढलेला सोफा. चांगल्या दिवसासाठी जपून ठेवलेलं. माझं एवढंच मागणं आहे, ते बाहेर काढा. वापरल्याने ओरखडे पडतील, भाव पडेल. पडू दे. मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून सांगतो.

परवाच्या रविवारी मी बारावी फेरी पुरी करून थांबलो होतो. अनुजा चहा ठेवायला आत गेली, हितेंद्र कपाटातून डिझेल काढत होता. आगाशेंनी मांडीवरच्या खोक्यावर हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात रमाबाईंना विचारलं,

"काय हो, यंदा दसरा कधी आहे?"